ऋणकोचं तूप, धनकोचं टेन्शन

आयुष्य गंभीरपणे घेण्यात माझा हात धरणारा आमच्या खानदानात कोणी नाही. वीजबिल आल्या दिवशी भरायचं, गाडीच्या वेळेआधी तासभर स्टेशनावर जाऊन बसायचं आणि सोसायटीचा खजिनदार म्हणून मेंटेनन्सच्या पावतीवर सही करताना चेहरा असा ठेवायचा, की बघणाऱ्याला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आठवावा. असा मी निवृत्तीनंतर चार्वाकाच्या नादी लागलो. (शेजारचे बोन्साय करतात. प्रत्येकाला काहीतरी होतंच.)

चार्वाकाबद्दल आपल्या सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक असते: कर्ज काढा, पण तूप प्या. तेवढ्या भांडवलावर मी ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान ठरवून टाकलं. विषय, ‘आनंदाने जगा’. टिपणं वेगवेगळ्या रंगांच्या शायांत काढली, समासात ‘येथे हशा’ असंही लिहिलं. नातू शेजारी खिदळत होता, तर त्याच्यावर खेकसलो, “हसू नकोस, आजोबा काम करतायत!”

वाचायला बसलो आणि पंचाईत झाली. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे नाहीसे झालेले. त्यांची बरीचशी माहिती मिळते ती त्यांच्या विरोधकांकडून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिला मान चार्वाकाचा, पण पुढच्यांनी खोडून काढायला कोणीतरी आधी लागतोच ना! म्हणजे माझ्या कारभाराबद्दल सोसायटीच्या आधीच्या खजिनदाराला विचारण्यातला प्रकार. शिवाय जुन्या ग्रंथांत तो श्लोक येतो, तेव्हा त्यात ना कर्ज ना तूप. मरण कोणाला चुकत नाही, तोवर सुखानं जगा, एवढंच. तूप मागाहून कोणी वाढलं कोण जाणे. चार्वाकांशी ज्याचं नातं सांगितलं जातं असा जयराशी भट्टाचा एक ग्रंथ 1926 मध्ये गुजरातेत पाटणला सापडला, 1940 मध्ये बडोद्याहून छापलाही गेला. मोठ्या आशेनं त्याच्याकडे वळलो, तर त्यात प्रत्यक्ष-अनुमान वगैरे प्रमाणांची चिरफाड! माझं अख्खं व्याख्यान तुपावर उभं होतं.

आणि तुपाचं म्हणाल तर ते मुळात पितं कोण? तूप भातावर. मऊ, वाफाळता भात, त्यावर पिवळं वरण, मीठ, लिंबाची फोड आणि वरून धार. बाजारचं तूप ही वेगळी जात, तिच्याबद्दल मी बोलणार नाही. घरचं तूप म्हणजे साठवलेल्या सायीला विरजण लागतं, ती घुसळली जाते, लोण्याचा गोळा गार पाण्यात धुतला जातो आणि मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर चढतो. आधी नुसती कडकड आणि फेस. मग आवाज हळूहळू मंदावतो, फेस विरतो, तळाशी बेरी बदामी दिसू लागते. गॅस बंद करायचा तो त्याच घटकेला. जरा मागेपुढे झालं की एक तर कच्चट, नाही तर करपट. विड्याचं पान टाकलं तर वासच निराळा. गाळून झाल्यावर त्या गरम बेरीत साखर कालवायची आणि पातेलं कोणाला न दाखवता संपवायचं. मोक्ष न मानणाऱ्यांची यानं सोय होण्यासारखी आहे.

हे सगळं मला इतकं बारकाईनं ठाऊक आहे ते बघून बघून. कढवते ही. मनगटाजवळ चटक्याचा डाग आहे, तोही हिच्याच. धार सोडून घेणाऱ्यासाठी दर्शन आहे, पातेल्यापाशी उभी राहणारीसाठी कुठल्याच दर्शनात ओळ नाही. आणि ज्याच्याकडून कर्ज काढायचं, त्यानं कसं जगावं? त्या धनकोबद्दल तर कोणी चकार शब्द काढत नाही.

मला तो प्रश्न पडतो, कारण मला एक मावसभाऊ आहे. “दादा, आपण टेन्शन घेतच नाही,” म्हणतो. खरंच घेत नाही. जाताना ते माझ्याकडे ठेवून जातो आणि माझ्याकडचे पैसे घेऊन जातो. वर्षानुवर्षं हेच. चीड येते, अगदी मनापासून येते. पण तो दारात आला की घर हसायला लागतं, हेही खोटं नाही. त्याच्यासाठी ही बेरी काढून ठेवते. “आणि माझी?” असं परवा विचारलं, तर म्हणाली, “अहो, तुम्ही कधी मागितलीत? तुम्ही डब्यावर तारीख घालण्यात गुंतलेले असता.”

व्याख्यान अर्थातच रद्द केलेलं नाही. फक्त विषय बदललाय: ‘धनकोंनी आनंदाने कसे जगावे’. येत्या रविवारी संध्याकाळी ठीक पाच वाजता. कृपया वेळेवर या. उशिरा येणाऱ्यांना आत घेतलं जाणार नाही.