मयत, स्थलांतरित, दुबार

26 एप्रिल 2024 ला, म्हणजे यवतमाळ-वाशिम मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं त्या दिवशी सकाळी, आमची आत्या वारल्याचं आम्हाला कळलं. आत्या सोबतच होती. ऊन चढायच्या आत मत टाकून यायचं म्हणून ती ऑटोतून आली होती. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून तिने पदराने वारा घेतला. मदत कक्षातल्या बाईंनी यादीवर बोट फिरवत नेलं, एका ओळीवर थांबवलं, आत्याकडे पाहिलं, पुन्हा यादीकडे पाहिलं.

"आजी, तुम्ही मयत दिसता."

"काऊन वो माय? कोनं सांगतलं तुले?"

बाईंचा काही दोष नव्हता. त्या बीएलओ, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. म्हणजे सकाळी शाळा, दुपारी खिचडी आणि उरलेल्या वेळात लोकशाही. यादी वरून आली होती. वरून आलेल्या यादीत माणूस मेला म्हणजे मेला. खालून कितीही जिवंत असून उपयोग नाही. मागच्या गल्लीत आत्याच्याच नावाची एक म्हातारी त्या हिवाळ्यात गेली होती. आत्याचं नाव आमच्या भागात दर चौथ्या घरात सापडतं. कुणीतरी एकीचं नाव कापायला गेलं आणि दुसरीचं कापून आलं.

आत्याला मात्र यात अपमान वाटला नाही, कुतूहल वाटलं. "तेरवी केली का रे माही?" एवढंच तिने विचारलं.

मी निवृत्त मास्तर. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, तेव्हा कुठे पेन्शन जमा होतं. आत्याचंही श्रावणबाळ योजनेचं दीड हजाराचं अनुदान आहे आणि त्यासाठी तीही आपण जिवंत असल्याचं वेळोवेळी सिद्ध करते. म्हणजे एका टेबलावर आत्या हयात, दुसऱ्या टेबलावर मयत, आणि दोन्ही टेबलं एकाच छताखाली. कोणतं छत ते सांगत नाही; तिथे माझी अजून कामं आहेत.

आता उपाय काय? शेतकऱ्याच्या पोटी जन्मल्यामुळे सातबारा आणि आठ-अ मला पाठ आहेत. पण निवडणुकीतले सात आणि आठ वेगळे निघाले. नमुना 7 ने माणूस यादीतून जातो, नमुना 8 ने घर बदलतो, नाव दुरुस्त होतं. मेलेल्याला परत आणायचा नमुनाच नाही. यमराजाच्या दारातून परतलेल्यानेही रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं आणि नमुना 6 भरायचा. आणि नमुना 6 कुणासाठी? नवमतदारांसाठी.

तर वयाच्या 87 व्या वर्षी आत्या नवमतदार व्हायला निघाली.

नमुन्यात जन्मतारीख मागतात. आत्याची जन्मतारीख म्हणजे तान्ह्या पोळ्याचा दिवस, एवढं तिला पक्कं माहीत. साल कोणतं, तर "तुह्या बाबाच्या मांगचं". आमच्या पिढीची अडचण गुरुजींनी सोडवली होती. जून-जुलैत शाळेत नाव घालायला आलेल्या प्रत्येक पोराचा जन्म त्यांनी 1 जून नाहीतर 1 जुलैला लावून टाकला. शाळेत न गेलेल्यांना पुढे आधार कार्डाने सामावून घेतलं आणि त्यांचे वाढदिवस 1 जानेवारीला ठेवले. आत्या त्यातली. योग असा की निवडणूक आयोगाची जुनी अर्हता तारीखही 1 जानेवारीच. 2022 पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एक तारखाही चालतात. अठरा पूर्ण होणाऱ्या पोरांना वर्षभर थांबावं लागू नये, हा चांगला हेतू. आत्याची अठरा पूर्ण होऊन एकोणसत्तर वर्षं झाली होती, त्यामुळे चारही तारखा तिला मोकळ्या होत्या.

1952 च्या पहिल्या निवडणुकीआधीची गोष्ट मी वर्गात सांगायचो. घरोघर नावं लिहायला लोक गेले तेव्हा कित्येक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. असं चालणार नाही म्हणून त्यांनी ठाम नकार दिला आणि देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली. त्या बायकांचं नाव न सांगितल्याने गेलं, आत्याचं नाव सांगून, छापून, साठएक वर्षं बोटाला शाई लावून गेलं. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

अर्ज भरताना घरातला दुसरा प्रश्न वर आला. आत्याचा नातू चाकणला एका कारखान्यात आहे. कंत्राटी. दिवाळीला येतो, शेजारी लग्न असलं तर येतो, आणि मतदानाला येतो तो कुणी आणलं तर. त्याचं नाव इथल्या यादीत आहे आणि खोलीमालकाच्या आग्रहाने तिकडच्याही यादीत गेलं. एकाच माणसाचं नाव दोन मतदारसंघांत चालत नाही, हे 1950 च्या कायद्यात कलम 17 मध्ये स्वच्छ लिहिलंय. पण खोलीमालकाने कलम वाचलं नव्हतं आणि पोराने खोलीमालकाला नाही म्हटलं नव्हतं. 2025 च्या स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने अशा नावांपुढे दोन तारे लावायचं ठरवलं; कुठे मत देणार ते एकदा सांगा, मग दुसरीकडे देऊ नका. आमच्याकडे दुबार हा शब्द पेरणीला लागतो. पाऊस दडी मारतो, सोयाबीन करपतं, पुन्हा बियाणं आणा. दुबार पेरणीला आजवर कुणी तारे लावलेले मी पाहिले नाहीत. दिवसा दिसतात, ते वेगळे.

कायद्याची खरी मेख कलम 20 मध्ये आहे. मत त्याचं, जो तिथला सर्वसाधारण रहिवासी. गावात घर आहे एवढ्यावर माणूस रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेर गेला एवढ्यावर रहिवासी राहायचा थांबतही नाही. मी हे दोनदा वाचलं. मग शांतपणे चष्मा काढून ठेवला. कारण या हिशेबाने दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस या चारही वेशींतून बाहेर पडलेलं आमचं अर्धं कारंजं एकाच वेळी आहेही आणि नाहीही.

आमच्या गावाची तर ही जुनी रीतच. श्री नृसिंह सरस्वती स्वामींचा जन्म कारंजाचा. मुंज झाली आणि ते घर सोडून निघाले; काशीला संन्यास, पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर. मधे अनेक वर्षांनी एकदा आईवडिलांना भेटायला आले, तेवढेच. एखाद्या काटेकोर माणसाने त्या काळी यादी केली असती तर स्वामींपुढे "स्थलांतरित" लिहून मोकळा झाला असता. गुरुमंदिरात मात्र आजही ते इथलेच. स्वामींना अर्थात नमुना 8 भरावा लागला नाही.

नातवासाठी सोय होणार होती. 2022 च्या डिसेंबरात निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र जाहीर केलं. एका यंत्रात 72 मतदारसंघांची मतं घेता येतील असं. 16 जानेवारी 2023 ला पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. स्थलांतरित म्हणजे नेमका कोण, यंत्रावर भरवसा कसा ठेवायचा, असे प्रश्न निघाले, आणि ते यंत्र स्वतःच दूरस्थ झालं. सीमेवरच्या जवानाला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पोचते, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला टपाली मत मिळतं. चाकणच्या पोराला मिळते पगारी सुट्टी, आणि तीही कायद्यात. त्यामुळे त्याचा फोन ठरलेला असतो.

"काका, यंदा ट्रॅव्हल्स हाय का?"

उमेदवाराने मतदारांना फुकट गाडीने केंद्रावर आणणं हा 1951 च्या कायद्यात भ्रष्ट आचार आहे. म्हणून आमच्याकडे कोणीही असं करत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री पुण्याहून ज्या गाड्या भरून येतात, त्या कुलदैवताला येतात.

आता, एवढ्या भानगडीत एखाद्याने लोकप्रतिनिधीला गाठलं असतं. आम्हीही गाठणार होतो. पण त्या वर्षी आमदार राजेंद्र पाटणी यांचं फेब्रुवारीत निधन झालं होतं. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर पोटनिवडणूक घ्यायची गरज नाही, असा कायदा. नोव्हेंबरपर्यंत कारंजाची विधानसभेतली खुर्ची रिकामी होती. हे चेष्टेत सांगत नाही. तेवढे महिने इथल्या माणसाने आमदाराच्या नावे निवेदन लिहायचं तर पत्ता काय घालायचा, हा साधा प्रश्न होता.

बाकीचे साहेब होतेच. कोणते ते विचारू नका. नगरसेवकापासून खासदारापर्यंत आपल्याकडे सगळे साहेबच, आणि मी सांगतोय ते कुणालाही लागू पडावं. साहेबांना भेटायचा शिष्टसंमत मार्ग म्हणजे निवेदन. "महोदय, वरील विषयास अनुसरून" इथून सुरू होतं, "प्रत माहितीस्तव" इथे संपतं. मधे शकुंतला रेल्वे येतेच. मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी गाडी आमच्या गावावरून जायची. ती बंद पडून वर्षं झाली, पण निवेदनांत नियमित धावते. विषय नाल्यांचा असला तरी तिसऱ्या परिच्छेदात शकुंतला येते. मग फोटो. एक कागद आणि त्याला धरून नऊ माणसं. कागद पडू नये म्हणून की काय कोण जाणे. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो आणि निवेदन देणाऱ्यांचं समाधान होतं. घेणाऱ्यांचं आदल्या दिवशीच झालेलं असतं.

मी फोन केला. पीए म्हणाला, साहेब दौऱ्यावर. आठ दिवसांनी केला, साहेब मुंबईला. पुन्हा केला, मीटिंगमध्ये. मतदार असा सापडेनासा झाला तर त्याला अनुपस्थित, स्थलांतरित की मयत यातलं काहीतरी ठरवून टाकायची सोय आहे. साहेबांसाठी कोणता नमुना ते मी सेतू केंद्रातल्या पोराला विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, सर्व्हर डाऊन हाय."

अनुभवी माणसं निवेदनाच्या नादी लागत नाहीत. घरी लग्न काढा, पत्रिकेत "प्रमुख उपस्थिती" छापा. साहेब मंगलाष्टकांच्या आधी हजर. किंवा घरात कुणीतरी जावं लागतं. तेरवीला साहेब चुकत नाहीत. आत्याला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग माह्या वक्ती काऊन नाई आले?"

अर्जाचं काम मात्र झालं, हेही लिहिलं पाहिजे. बीएलओ बाई स्वतः घरी आल्या, मोबाइलवर फोटो घेतला, आत्याने चष्मा काढायला नकार दिला, तरी झालं. ऑगस्टअखेर विधानसभेची अंतिम यादी आली तेव्हा आत्या यादीत जिवंत होती. एकदा जिवंत झाल्यावर तिला हक्कही मिळाला: घरून मतदान. आधी वयाची अट 80 होती, 2024 च्या मार्चमध्ये ती 85 केली. आत्या दोन्हीत बसत होती. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना 12-ड भरून दिला. हा भरला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे बाईंनी तीनदा समजावलं.

20 नोव्हेंबरच्या मतदानाआधी एका दुपारी पथक आलं. दोन मतदान अधिकारी, पोलीस, कॅमेरा घेतलेला एक पोरगा. अंगणात गल्ली जमली. ज्वारीच्या कोठीवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. गुप्त मतदान आहे, सगळ्यांनी बाहेर व्हा, असं साहेबी आवाजात सांगितलं. सून बाहेर आली, नातसून बाहेर आली, मी बाहेर आलो, आडोशावरची मांजर हाकलली. आत्या आत एकटी.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. अधिकारी घड्याळ पाहू लागले. सुनेला वाटलं चक्कर आली. शेवटी आत्या दारात आली, घडी घातलेलं पाकीट हातात घेऊन, अगदी सावकाश.

"एवढा वेळ काय करत होत्या वो?" सुनेने विचारलं.

"मत तं पटकन झालं. मंग जराशी बसली. माह्या घरात मी एकटी कवा बसली होती, आठवत नोतं."

25 जानेवारी हा मतदार दिवस. निवडणूक आयोग 1950 साली याच तारखेला स्थापन झाला, आणि 2011 पासून त्या दिवशी नवमतदारांचा सत्कार करतात. नवमतदारांच्या यादीतून नावं निवडली गेली, वय कुणी पाहिलं नाही. बारावी-एफवायच्या पोरींच्या रांगेत आमची आत्या. गुलाब मिळाला, मतदार असल्याचा अभिमान सांगणारा बिल्ला मिळाला, शपथ झाली. पोरींनी तिच्याबरोबर सेल्फी घेतले. त्या दिवसापासून तो बिल्ला पदराला आहे; झोपतानाही काढत नाही. पुन्हा कुणी मारलं तर पुरावा हवा, म्हणते.

फेब्रुवारीत समोरच्या घरी तेरवी होती. साहेब आले. पांढऱ्या गाडीतून उतरले, फोटोला हार घातला, हात जोडत ओसरीवरून फिरले. आत्या खांबाला टेकून बसली होती. साहेबांना बिल्ला दिसला. वाकून त्यांनी तिचे पाय धरले.

"आजी, तब्येत कशी हाय?"

"मेल्ती मी," आत्या म्हणाली, "आता बरी हाय."