त्याच्या आधीचं सांगा

परभणीत आप्पांना ओळखत नाही असा माणूस नसावा, आणि त्यांना बघून गल्ली बदलली नाही असाही. स्टेशन रोडला चहाचा कप तोंडाला लावावा, तोच मागून आवाज: "मूळचे कुठले?"

"परभणीचेच."

"हे आत्ताचं झालं. त्याच्या आधीचं सांगा."

सेलू म्हणालात, तर सेलूच्या आधीचं. डोळे तपासायला गेले आणि डॉक्टरांना चार पिढ्या मागं नेऊन आले. चष्म्याचा नंबर राहूनच गेला.

पण पुराव्याशिवाय बोलणार नाहीत. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यांना गाव-आडनाव सांगितलं की नामावळीच्या वह्या निघतात. यात्रेला गेलेल्या पूर्वजांच्या नोंदी असतात त्यात. आप्पांना तिथं त्यांचे खापरपणजोबा मोडीत भेटले. मुक्काम चारठाणा. झालं! जीप ठरली, जिंतूर मागं पडलं. चारठाण्याची जुनी देवळं नि बारव बघायला लोक लांबून येतात. आप्पा थेट पारावर. तिथल्या म्हाताऱ्यानं नाव ऐकलं, टोपी सरळ केली आणि विचारलं, "जमिनीचं काही हाय का?"

घटकाभरात चौघं भाऊबंद सातबारे घेऊन हजर. मला काही नको, नुसता वाडा दाखवा, असं आप्पा म्हणाले, तेव्हा तर संशय पक्काच झाला. शेवटी वाड्याच्या नावानं एक गोठा दाखवण्यात आला. आप्पांनी तिथली माती कपाळाला लावली, आणि उठता उठता म्हणाले, "बरं, हे चारठाण्याला आले कुठून?"

२०२३ साली निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. चहा अर्धा टाकून पळणारे आता प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद घेऊन आप्पांच्या ओट्यावर. "आप्पा, पणजोबाचं तेवढं बघा." हवी ती नोंद सापडली की पिशवीची गाठ बसायची. आप्पा उत्साहानं मागं सरकू लागले की लोक हात जोडून म्हणायचे, "एवढं बास. याच्या आधीचं नको." आप्पांनी कुणाकडून रुपया घेतला नाही, हे आमच्या गल्लीला अजून पटलेलं नाही.

वडिलांच्या बाराव्याला आम्ही गंगाखेडला घाटावर बसलो होतो. सपिंडीसाठी गुरुजींनी नावं विचारली. आजोबांचं धडाधड सांगितलं, पणजोबांचं थोरल्यानं चाचरत सांगितलं, आणि खापरपणजोबांना आम्ही तिघं पदवीधर भाऊ एकमेकांची तोंडं बघत राहिलो. मागच्या पायरीवरून आप्पांनी नाव सांगितलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खापरपणजीचंही नाव सांगितलं. ते तर आमच्या घरात कधी कुणी उच्चारलेलंच ऐकलं नव्हतं. गुरुजींनी पाणी सोडायला सांगितलं.

"पण ही मंडळी मूळची इकडची नव्हेत," हे मात्र आप्पांनी माझ्या बोटातला दर्भ उतरेपर्यंत कसंबसं पोटात ठेवलं.