फॉरमॅट मारणाऱ्या दादांस खुले पत्र

दादा,



तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव मी लिहीत नाही. पहिला परिच्छेद वाचलात की पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही आमच्या घरून एक जुना सीपीयू नेलात. २०१४ सालचा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. तक्रार एवढीच होती की सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात आणि कोपऱ्यात सारखी सूचना येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीपीयू परत आला. आईने विचारलं, "अरे बाळा, माझ्या फायली कुठायत?" तुम्ही म्हणालात, "काकू, फॉरमॅट मारलाय. फ्रेश विंडोज टाकलंय. आता एकदम नव्यासारखा झाला." पाचशे रुपये घेतलेत आणि गेलात.

तुमच्या हाताचा वेग मानला पाहिजे. माझ्या आईला जे जमवायला अकरा वर्षं लागली, ते पुसायला तुम्हाला दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्या संगणकात काय होतं ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. आई निवृत्त शिक्षिका. तिची सगळी नोकरी माण तालुक्यातल्या शाळांत झाली. निवृत्तीनंतर तिने त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या, घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडचे शब्द गोळा करायला घेतले. मोट, नाडा, सोंदूर, तिफण, पाभर, चाडं. मोटेचं पाणी कधीच थांबलं, मग तिचा सोंदूर कुणाच्या लक्षात राहणार? आई एसटीने जायची, ओट्यावर बसून वहीत लिहून घ्यायची आणि घरी येऊन एका बोटाने टाइप करायची. शब्द, अर्थ, कुणी सांगितला, कुठल्या गावात. अशा ४६ फाईली झाल्या होत्या. त्या सगळ्या डेस्कटॉपवर "शब्द" नावाच्या फोल्डरमध्ये होत्या. तुम्ही संगणक सुरू केलात तेव्हा ते फोल्डर तुमच्या डोळ्यांसमोर होतं.

संगणक कोरा करून नवी प्रणाली टाकणं हे चुकीचं काम आहे, असं माझं म्हणणं नाही. अकरा वर्षांच्या यंत्रावर ते योग्यच होतं. विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. कोपऱ्यातली ती सूचना त्याचीच होती. जुने प्रोग्रॅम, अर्धवट काढलेले अँटिव्हायरस, सुरू होतानाच जागे होणारे डझनभर अनावश्यक प्रोग्रॅम हे सगळं खरवडून काढायचं तर कोरी प्रणाली हाच सरळ उपाय. माझा राग तुम्ही फॉरमॅट मारलात याचा नाही. न विचारता मारलात याचा आहे.

तुमच्या धंद्यात एक समजूत पक्की बसली आहे आणि ती गिऱ्हाइकांतही पसरली आहे: "सी ड्राइव्ह उडाला तरी चालतो, आपला डेटा डीमध्ये असतो." हे खरं नाही, आणि तुम्हाला ते माहीत असायला हवं. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स ही फोल्डरंही, मुद्दाम हलवली नसतील तर, सीमध्येच असतात. ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड आणि बुकमार्क तिथेच. साठीच्या पुढची माणसं आपलं सगळं डेस्कटॉपवर ठेवतात, कारण तिथे ते दिसतं. त्यांच्या दृष्टीने डेस्कटॉप म्हणजे घरातलं टेबल. तुम्ही तर सीवरही थांबला नाहीत. इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर जेवढी पार्टिशनं दिसली, तेवढी एकेक करून डिलीट केलीत.

आता फॉन्टचं. आईने सगळं श्रीलिपीत टाइप केलं होतं, श्री-देव-०७१४ मध्ये. मराठीत काम करणाऱ्या एका पिढीने याच पद्धतीने लिहिलं आहे: छापखाने, शाळा, पतपेढ्या, दिवाळी अंक. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. फाईलच्या आत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट गेला की फाईल शाबूत असूनही वाचता येत नाही. विंडोजमध्ये सगळ्यांसाठी बसवलेले फॉन्ट असतात कुठे? सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फोल्डरातच. म्हणजे मराठी घरातला जुना संगणक फॉरमॅट करताना कागदपत्रांइतकेच फॉन्टही जपून ठेवावे लागतात. या राज्यात दुकान चालवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर मग कुणाला असावं?

तिसरी गोष्ट, तुम्ही टाकलेली प्रणाली. त्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. तिला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० लागतं. तुम्ही तपासणी चुकवून ती बसवलीत, तीही ४ जीबी रॅमवर आणि फिरत्या डिस्कवर. यंत्र आधीपेक्षा जड झालं. वर ती चोरीची. ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीचं विंडोज अधिकृत भासवणारा प्रोग्रॅम, चालावा म्हणून तुम्ही विंडोजचं संरक्षण बंद केलंत आणि ते बंदच ठेवून यंत्र परत दिलंत. कुणी बनवला आहे हे कुणालाच माहीत नाही असा प्रोग्रॅम, पूर्ण अधिकारांसह, अशा संगणकावर जिथे माझी आई पेन्शनचं खातं उघडते. आणि याची गरज काय होती? आमच्याकडे विकत घेतलेलं विंडोज ८.१ होतं. २०१५-१६ च्या मोफत योजनेत ते विंडोज १० झालं आणि त्याची नोंद त्या यंत्राच्या मदरबोर्डशी जोडली गेली. तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडलं असतंत, तर ती आपोआप अधिकृत झाली असती. घरात हक्काचं असताना तुम्ही चोरीचं आणून ठेवलंत.

पुढे काय झालं तेही ऐका, कारण त्यातून तुमच्या कामाचं माप कळतं.

झटपट फॉरमॅटमध्ये डिस्कवरचा मजकूर लगेच नष्ट होत नाही, नष्ट होते ती कुठे काय आहे याची नोंद. तलाठ्याकडचा सातबारा जळाला म्हणून शेत कुठे जात नाही, पण कुठला तुकडा कुणाचा हे कुणाला सांगता येत नाही आणि रिकामं समजून कुणीही त्यावर बांधकाम करतो. तुम्ही टाकलेल्या विंडोजने तेच केलं. जुना सी ड्राइव्ह डिस्कच्या सुरुवातीला होता, नवी प्रणालीही तिथेच लिहिली गेली, नेमकी आईच्या डेस्कटॉपवर.

मी तो संगणक बंद केला आणि डिस्क काढून घेतली. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हमधून लिनक्स सुरू केलं. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मग त्या प्रतीवर फोटोरेक चालवला. हा मोफत प्रोग्रॅम नोंदी बघत नाही. तो फाईलच्या सुरुवातीची खूण शोधतो. जुन्या वर्ड फाईलच्या आरंभी ठरावीक आठ बाइट असतात, त्यावरून ती ओळखता येते. दोन रात्री तो चालला. हजारो फाईली निघाल्या आणि एकीलाही नाव नव्हतं, एफ अक्षर आणि पुढे आकडे. फॉन्टही त्या ढिगाऱ्यातच सापडला. मग आई आणि मी तीन आठवडे रोज रात्री एकेक फाईल उघडून बघत होतो. ४६ पैकी ३१ मिळाल्या. १५ मिळाल्या नाहीत. डिस्क फिरती होती म्हणून एवढं तरी हाती लागलं. एसएसडी असती तर ट्रिम नावाच्या व्यवस्थेने मोकळी झालेली जागा खरोखरच पुसली असती आणि ३१ सुद्धा मिळाल्या नसत्या.

हेच काम नीट केलं तर कसं होतं, तेही मी नंतर करून पाहिलं. काढलेली जुनी डिस्क कपाटात ठेवली, तिला हात लावला नाही. तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली. विंडोज १० चा काळ संपलेला आणि ११ बसत नाही, म्हणून लिनक्स मिंट २२ टाकलं. त्याला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत, पैसे लागत नाहीत आणि लिबरऑफिस त्यातच येतं. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं: प्रिंटर चालतो का, वायफाय पकडतं का, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो का. सगळं चाललं, तेव्हाच बसवलं. मिळालेल्या फाईली युनिकोडमध्ये बदलल्या, म्हणजे यापुढे त्या कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही खास फॉन्टशिवाय वाचता येतील. यंत्र आता अर्ध्या मिनिटात सुरू होतं. तुम्ही म्हणाला होतात तसं, नव्यासारखं.

तुमची बाजूही मला दिसते. दुकानात दहा सीपीयू रांगेत असतात. पाचशे रुपयांवरही लोक घासाघीस करतात. "आजच द्या" म्हणतात. बॅकअप आम्हीही घेतला नव्हता, ती चूक आमची आहे आणि ती मी मान्य करते. पण शिंपी कापड कापण्याआधी माप घेतो. डॉक्टर शस्त्रक्रियेआधी सही घेतात. ज्या कामात एका बटणानंतर परत फिरता येत नाही, त्या कामात आधी विचारणं हा कामाचाच भाग असतो.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. पुढचा सीपीयू टेबलावर आला की चार गोष्टी करा. पहिली, विचारा: यात तुमचं काय आहे आणि ते कुठे ठेवलंय? दुसरी, वापरकर्त्याचं सगळं फोल्डर, डीमधला मजकूर आणि फॉन्टचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आमचा मजकूर १४ जीबी होता; जुन्या यूएसबी पोर्टमधूनही अर्ध्या तासात उतरला असता. तिसरी, उतरवलेल्या दोन-तीन फाईली गिऱ्हाइकाला उघडून दाखवा. चौथी, पावतीवर लिहा: "डेटा काढून घेतला आहे, डिस्क कोरी करण्यास संमती", आणि त्याखाली सही घ्या. या अर्ध्या तासाचे वेगळे दोनशे रुपये लावा. आम्ही आनंदाने दिले असते.

वाचकहो, तुमच्याही घरात असा एखादा सीपीयू असेल, तर तो कुणाच्या हाती देण्याआधी आज रात्रीच डेस्कटॉप आणि फॉन्ट दुसरीकडे उतरवून ठेवा. दुकानदार विचारेल या भरवशावर राहू नका.

दादा, न मिळालेल्या १५ फाईलींत मोटेची आणि विहिरीची फाईल होती. ते शब्द सांगणारे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. जुन्या वह्या आईने कधीच रद्दीत दिल्या होत्या, कारण "सगळं आता संगणकात आहे". आई आठवेल तेवढं पुन्हा लिहिते आहे. परवापर्यंत चाळीस शब्द झाले.

कळावे,
त्या काकूंची मुलगी