लॉनमोअरची पंगत

बंद पडलेल्या यंत्राबद्दल मला आदर आहे. काय ते एकदाच सांगून ते मोकळं होतं. खरा जाच असतो तो चालू असून धड न चालणाऱ्या यंत्राचा. फेकून द्यावं तर चालतंय, वापरावं तर चालत नाही. आमचा लॉनमोअर या दुसऱ्या जातीतला. न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा जुन्या मालकाने तो गॅरेजमध्ये आमच्यासाठी ठेवून दिला होता, टाकीतल्या पेट्रोलसकट. आम्ही त्या माणसाच्या दिलदारपणाचं चारचौघांत कौतुकही केलं.

दोरी ओढली की इंजिन लागायचं, पण एका सुरात राहायचं नाही. आवाज चढत चढत असा जायचा की वाटावं, आता पातं सुटून शेजाऱ्याच्या स्विमिंग पूलमध्ये पडणार. तेवढ्यात तो उतरायचा, मरायला टेकायचा आणि मरता मरता पुन्हा चढायचा. गवतावरही तेच उमटायचं. एक पट्टा तासलेला, पुढचा नुसता चिमटे काढलेला. बरं, इथे गवत कापणं हा हौसेचा मामला नव्हे. ते ठरावीक उंचीच्या वर गेलं की टाउनशिपची नोटीस येते, आणि नोटिशीच्या आधी शेजारी तुमच्याकडे बघून हसायचे थांबतात.

माझे सासरे, अण्णा, तेव्हा नुकतेच कराडहून आले होते. त्यांना मुळात लॉन ही कल्पनाच पटलेली नव्हती. "गवत तुम्हीच पेरायचं, खतपाणी तुम्हीच घालायचं, वाढलं की तुम्हीच कापायचं आणि पिशवीत भरून रस्त्याला ठेवायचं. मग म्हैस कुठाय?"

म्हैस नाही म्हणून मी इतिहास सांगितला. हे यंत्र १८३० साली इंग्लंडातल्या एडविन बडिंगने काढलं. ग्लॉस्टरशरच्या गिरण्यांत लोकरीच्या कापडावरची लव कातरायचं यंत्र असे, त्यावरून त्याला ते सुचलं.

"म्हणजे कापडाचं काम चुकून जमिनीवर आलं," अण्णांनी निकाल दिला. मग मागे हात बांधून त्यांनी मोअर थोडा वेळ ऐकला आणि दुसरा निकाल दिला. "जावईबापू, हा प्यायलाय."

अण्णांनी आयुष्यात सुपारीच्या पलीकडे व्यसन केलेलं नाही. त्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही आणि मराठी मंडळातल्या मित्रांना विचारलं. इथला मराठी माणूस बहुधा सॉफ्टवेअरमध्ये असतो, तेव्हा पहिला सल्ला आला तो बंद करून परत चालू करण्याचा. दुसऱ्याने बॅटरीवरचा नवा घ्यायला सांगितलं. तिसरा म्हणाला, एअर फिल्टर. फिल्टर कोंदला की हवा कमी पडते, पेट्रोल जास्त होतं आणि काळा धूर येतो. आमच्याकडे धूर औषधालाही नव्हता, पण नवा फिल्टर दिसायला छान होता. चौथ्याने प्लग बदलायला लावला. ०.०३० इंचांची, म्हणजे पाऊण मिलिमीटरची फट मोजून नवा प्लग बसवला. मोअर आता पहिल्याच दोरीत लागायला लागला आणि मग पूर्वीसारखाच वरखाली करायला लागला.

पाचवा धाडसी होता. त्याने गव्हर्नरची स्प्रिंग ताणायचं सुचवलं. "वर-खाली तोच करतोय, तोच बिघडलाय."

"त्याला हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. गव्हर्नरचं काम वेग आवरायचं. त्याची स्प्रिंग मनाला येईल तशी ताणली, तर पात्याला त्याच्या मर्यादेबाहेर पळवल्यासारखं होतं, आणि ते पातं आपल्या पायांपासून फार लांब नसतं.

मग त्यांनी मला सगळं समजावलं. पंगत डोळ्यांसमोर आणा. इंजिन जेवायला बसलंय, कार्बोरेटर वाढपी आहे आणि गव्हर्नर यजमान. हवा म्हणजे भात, पेट्रोल म्हणजे तूप. वजनाने साधारण पंधरा भाग भाताला एक भाग तूप. वाढप्याकडे भांडी दोन, मोठं मेन जेट आणि छोटं पायलट जेट. मोअर नुसता उभा चालू असला की छोट्यावरच बरंचसं भागतं. त्या छोट्याची तोटी बुजली, तर पाहुण्याच्या पानात कोरडा भात पडतो आणि तो मलूल होतो. यजमान ओरडतो, "अहो, वाढा की!" झडप उघडते, मोठ्या भांड्यातून भसाभस तूप पडतं, पाहुणा उधळतो. यजमान घाबरून म्हणतो, "पुरे, पुरे!" झडप मिटते, छोट्यातून काहीच येत नाही आणि पुन्हा उपास. या सगळ्यात आवाज फक्त यजमानाचा ऐकू येतो, म्हणून लोक त्यालाच धरतात.

कराड-सातारा रस्त्यावर उभी हयात स्कूटर चालवलेल्या माणसाला हे पाठ असतं. त्या पिढीच्या डिकीत जादा प्लग, पाना आणि फडकं असायचंच. फोन नव्हते, त्यामुळे स्कूटर बंद पडल्यावर कोणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून त्यांना उत्तरं येतात.

पुरावा मात्र हवा होता, आणि तो चालू इंजिनापाशी वाकूनच मिळणार होता. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की हँडलची दांडी सोडली की पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. आमच्या मोअरमध्ये त्यासाठी इंजिनच बंद होतं. म्हणजे जो ऐकणार, त्याने धरायचं नाही, आणि जो धरणार, त्याने वाकायचं नाही. बायकोने ऑफिसचा कॉल म्यूट करून दांडी धरली. अण्णांनी चालू इंजिनचा चोक हळूहळू अर्धा ओढला. चोकने हवा कमी होते. आणि काय सांगू, वरखाली थांबलं! इंजिन देवघरातल्या समईसारखं स्थिर झालं. चोक सोडला की पुन्हा तेच. तूप कमी पडतंय, हे सिद्ध झालं.

प्लगची वायर काढली. मोअर कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवली, नाहीतर इंजिनचं ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली. तळाशी मधासारखा पिवळा, चिकट थर होता आणि वास जुन्या वॉर्निशचा. पायलट जेटचं भोक असं बारीक की उजेडासमोर धरूनही पलीकडचं दिसेना. अण्णांनी जेट तोंडाला लावून फुंकर मारायचा पवित्रा घेतला, तेवढ्यात मागून "बाबा!" अशी आरोळी आली. मग कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि जुन्या चार्जरच्या वायरमधला तांब्याचा एकच तंतू. जेट पितळेचं असतं. सुईने कोचलं की भोक मोठं होतं आणि नवाच आजार सुरू होतो. आमच्या घरात चार्जरांना तोटा नव्हता.

आता अण्णांच्या दुसऱ्या निकालाकडे वळू. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, मुख्यतः मक्याचं. इथेनॉल म्हणजे शुद्ध अल्कोहोल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि असं पेट्रोल हिवाळाभर टाकीत राहिलं की उडायचं ते उडून जातं, उरलेलं राळेसारखं बसतं. जुन्या मालकाच्या दिलदारपणात नेमका तोच हिवाळा भरून आला होता.

"म्हटलं नव्हतं?" उसाच्या पट्ट्यातले अण्णा म्हणाले. "आमच्याकडे तर आता वीस टक्के घालतात."

मोअर आता एका दमात लॉन कापतो. तुमचाही वरखाली करत असेल तर गव्हर्नरला शिव्या देऊ नका. आधी चोक अर्धा ओढून बघा, मग जेट साफ करा, ताजं पेट्रोल भरा. थंडीच्या आधी टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एवढं होणार नसेल तर सासऱ्यांचं तिकीट एप्रिलचं काढा.