आमचा सांदीपनी

माझगावात शाळांना तोटा नाही. सेंट मेरीज 1864 पासून आहे, सेंट पीटर्स आहे, डायमंड ज्युबिली आहे, पालिकेच्या शाळा आहेत. पोराच्या ॲडमिशनसाठी पहाटे रांग लावणारे बाप तर प्रत्येक जिन्यात सापडतील. त्या रांगेला एकदाही न लागलेला बाप आमच्याच मजल्यावर राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा झाला, तरी याचं ठरत नव्हतं. म्हणजे शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं, एवढं ठरलं होतं. काय शिकवायचं ते ठरायचं होतं. संस्कार हवेत, विज्ञान हवं, इंग्रजी फाडफाड हवं आणि दिवेलागणीला पोराने रामरक्षा न अडखळता म्हटली पाहिजे. असा अभ्यासक्रम जगाच्या पाठीवर कुठेतरी तयार असणारच, फक्त नीट शोधायला हवा, अशी त्याची श्रद्धा. बिल्डिंगीत त्याला सांदीपनी म्हणतात. नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण तळमजल्यावरच्या कॅरमवाल्यांवर दाट संशय आहे.

पेशाने तो कर सल्लागार. माझगावच्या विक्रीकर भवनाला लोक आता जीएसटी भवन म्हणतात, तिथे त्याची रोजची ये-जा. कुठलाही प्रश्न एक्सेलच्या रकान्यांत बसवला की निम्मा सुटला, अशी त्याची समजूत. त्यामुळे घरशाळेचाही तक्ता झालाय. संस्था, ग्रंथ, भाषा, फी, प्रमाणपत्र आणि अगदी उजवीकडे, लाल अक्षरांत, 'दहावीचं काय?' तक्ता मोबाइलमध्ये असतो आणि मोबाइल हातात असतो. जिन्यात कोणी भेटलं की, "काका, दोन मिनिटं. नवीन एक सापडलंय." ही दोन मिनिटं मी एकदा उभ्याने काढली आणि घरी पोचेपर्यंत पिशवीतलं दूध नासायला आलं होतं.

त्याची वाक्यं ठरलेली. "पाया पक्का पाहिजे." "मी अजून स्टडी करतोय." आणि वाद अंगाशी आला की, "ज्ञानेश्वर कुठल्या शाळेत गेले होते?" हे शेवटचं त्याने एकदा आपल्या आजीसमोर काढलं. आजी मूळची सावंतवाडीकडची, वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अरे मेल्या, त्यांना वाळीत टाकलं होतं. कोण घेणार होतं शाळेत? मोठ्या भावाने धाकट्याला शिकवलं. तू एक तरी मोठा भाऊ आणलास का याला?" सांदीपनीने विषय कृष्णावर नेला. आजीने सूप खाली ठेवलं. "कृष्ण तर प्रत्यक्ष देव. तोसुद्धा घर सोडून उज्जैनला सांदीपनींकडे गेला शिकायला. घरी का नाही बसला?" आपल्या टोपणनावाचा असा उलटा उपयोग होईल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पण शोध प्रामाणिक आहे, हे मान्य करायला हवं. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत तो जाऊन आला. ती विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये काढलेली, अभ्यासक्रम चार वर्षांचा. याला हवी होती पाच वर्षांच्या मुलासाठी घरबसल्या आवृत्ती. इंद्रायणीच्या घाटावर एका वृद्ध वारकऱ्याला त्याने तक्ता उघडून दाखवला. बाबांनी चष्मा वर करून सगळे रंग पाहिले आणि म्हणाले, "माऊली, छान आहे. पोराच्या हातात टाळ दिलाय का?" टाळ दिला नव्हता. परतताना त्याने एक जोड घेतला. आता दुपारी दोन ते चार या वेळात आमच्या मजल्यावर कोणी झोपत नाही.

मग दासबोध आला. 20 दशक, 200 समास, 7751 ओव्या. मुलाला सहा वर्षांत पुरा करायचा तर आठवड्याला किती, हे गणित त्याने सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना केलं. मग गीता आली, 700 श्लोक. मग अमेरिकेतला मेव्हणा आला. त्याच्या शेजारचं कुटुंब ख्रिस्ती घरशाळावालं. तिकडे अबेकासारख्या संस्था कित्येक वर्षं हाच धंदा करतात. वर्षाची पुस्तकं, वह्या, चाचण्या, बायबलचे धडे, कोणत्या दिवशी कुठलं पान, सगळं खोक्यातून दारात. सांदीपनीचे डोळे पाणावले. "आपल्याकडे असा खोका का नाही हो काका?" मी म्हटलं, आपल्याकडे खोका आला तर आधी त्यात कांदे ठेवतील. त्याला ते आवडलं नाही.

माझगावात धर्माबद्दल सल्ला मागायचा तर माणसं हवी तेवढी. म्हातारपाखाडीतले एक ईस्ट इंडियन अंकल त्याचे जुने अशील. त्यांना विचारलं, तुमच्यात कसं करतात? अंकल म्हणाले, "सोमवार ते शुक्रवार स्कूल. संडेला मास, मग कॅटेकिझम, मग फुटबॉल. फुटबॉल चुकवायचा नाही, नाहीतर पोरं मासला येत नाहीत." डोंगरीतल्या हार्डवेअरवाल्या अशिलाने सांगितलं, "सकाळी शाळा, संध्याकाळी मदरसा, रात्री अम्मीचा मार." दोघांनीही शाळा आणि धर्म वेगवेगळ्या डब्यांत भरले होते आणि दोघांचीही मुलं सुखाने दहावी झाली होती. सांदीपनीने दोन्ही उत्तरं तक्त्यात लिहिली आणि शेजारी शेरा मारला, 'समन्वयाचा अभाव'.

लाल रकान्याचं उत्तर तसं फार पूर्वी मिळालंय. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिथे चौदाव्या वर्षी दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि भारतीय ज्ञानपरंपरेत वेदाध्ययन, संस्कृत व्याकरण असे विषयही घेता येतात. हे वाचलं त्या रात्री त्याने मजल्यावर पेढे वाटले. सकाळी उठून पुन्हा शोधायला बसला. उत्तर मिळाल्यावर माणसाने शोध थांबवावा, असं कुठल्याच ग्रंथात लिहिलेलं नाही, हे त्याच्या पथ्यावर पडतं.

प्रात्यक्षिकाचा प्रयत्न एकदा झाला. पहाटे साडेपाचला पोराला उठवून गीतेची पार्श्वभूमी. पोर जांभई देत ऐकत होतं. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली, अर्जुनाने धनुष्य टाकलं, श्रीकृष्ण बोलू लागले. पोराने विचारलं, "बाबा, ते एवढं सगळं सांगत होते तेव्हा बाकीचे सैनिक काय करत होते?" सांदीपनी गप्प. त्याने तीन भाष्यं उघडली. तोवर पोर झोपलं होतं. संध्याकाळी तक्त्यात नवा रकाना निघाला, 'मुलांचे संभाव्य प्रश्न'.

आणि हे चालू असताना आत स्वयंपाकघराच्या दाराशी रोज काय होतं? आजी दिवा लावते. पोर तिच्या मांडीला टेकून शुभंकरोती म्हणतं, मग परवचा. बेचे पाढे, तीनचे पाढे, पावकीची पहिली ओळ, भीमरूपी अर्धी. मग आजी मारुतीने सूर्य गिळायला उडी कशी मारली ते सांगते आणि पोर खिडकीतून गोदीच्या क्रेनकडे बोट दाखवून विचारतं, मारुती तिच्यापेक्षा उंच गेला का. आजी सांगते, "तिच्या कायच्या काय वर." पाढे, पाठांतर, भूगोल, सगळं पाऊण तासात उरकतं. फी नाही. प्रमाणपत्र नाही. म्हणून तक्त्यात नाही.

निकाल लावला त्याच्या बायकोने. ती सरकारी इस्पितळात नर्स, बोलणं मोजकं. सांदीपनी पाहुण्यांना त्याचा आवडता दाखला देत होता. दादरच्या शाळेतून सातवीनंतर बाहेर पडलेली मुंबईची मुलगी, घरी शिकली, प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडची पदकं मिळवली आणि 2016 मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली. बायको चहाचे कप ठेवत म्हणाली, "तिच्या आईने नोकरी सोडली होती, तेही सांगा ना अहो." मग तिने मोबाइल मागून घेतला आणि तक्ता पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. "सगळं आहे यात. शिकवणार कोण, तेवढं नाही. मला तीन पाळ्या. तुमचं 11 तारखेला एक रिटर्न, 20 तारखेला दुसरं. आजीला दुपारी झोप लागते. सकाळी नऊला पोरासमोर बसणार कोण?"

याला सांदीपनीकडे उत्तर नव्हतं. "मी स्टडी करतो" म्हणण्याचीही ती वेळ नव्हती. पुढच्या आठवड्यात बायकोने जवळच्या शाळेत नाव घातलं. जूनमध्ये पोर पहिलीत बसेल. संध्याकाळ आजीकडे आहेच. सांदीपनीला रविवार मिळालाय, दहा ते अकरा.

तो खचला असेल असं वाटलं होतं. पण शोधाच्या नादात या माणसाचे गीतेचे बारा अध्याय पाठ झालेत, दासबोध निम्मा वाचून झालाय आणि ईस्ट इंडियन अंकलकडे तो नाताळात हक्काने जेवतो. घरात खरं शिक्षण कोणाचं झालं असेल, तर बापाचं. तुमच्याही बिल्डिंगीत असा एखादा सांदीपनी असेलच. त्याला हसा, पण त्याचा तक्ता ऐकून घ्या आणि मग एवढंच विचारा, की उद्या सकाळी नऊला पोरासमोर तू स्वतः बसणार आहेस का. हो म्हणाला तर कुठलाही अभ्यासक्रम चालेल. नाही म्हणाला तर शाळा बरी.