सहकुटुंब सहपरिवार अलास्का

अलास्काच्या क्रूझवर निघणाऱ्यांसाठी लिहिलेली माहितीपुस्तके हिमनदीपासून सुरू होतात. त्यांचे लेखक एकटे गेले असावेत. सात रात्रींच्या सफरीत जहाज हिमनदीसमोर फार तर काही तास असते. बाकी सगळा वेळ आपण आपल्या माणसांसमोर असतो. हिमनदी रुसत नाही. "आम्हाला काय, कुठेही टाका" असे म्हणून नंतर चार दिवस तोंड फिरवून बसत नाही. सबब प्रस्तुत मार्गदर्शनात बर्फाला दुय्यम स्थान दिले आहे.

गट जमवण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. सिएटलजवळ रेडमंड-बेलव्ह्यूकडे नोकरी करणाऱ्या मुलाने पुण्यातल्या आईवडिलांना "या उन्हाळ्यात अलास्का करू या" एवढे फोनवर म्हणावे आणि तिकडे फोन स्पीकरवर असावा. आठवडाभरात मावशी, मावशीच्या विहीणबाई, बाबांचे बँकेतले तीन मित्र सपत्नीक आणि ज्यांचे नाते सांगायला दोन पिढ्या मागे जावे लागते असे नाशिकचे एक जोडपे यादीत येऊन बसते. यादी बारावर असताना नाही म्हणता येते. तसे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मग यजमान नेमावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर जो पहिल्यांदा "मी बघतो" लिहितो तो आपोआप नेमला जातो. पुढे पाऊस पडला, देवमासा दिसला नाही, भात फडफडीत झाला, तर जाब त्यालाच विचारायचा असतो. त्याच्या नशिबी आणखी एक संकट आहे. बऱ्याच कंपन्या आठ केबिन एकत्र घेतल्या की त्याला गट मानतात आणि दर सोळा उतारूंमागे एकाचे मूळ भाडे माफ करतात. ही माफी सर्वांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला एका जेवणाचे पैसे येतात आणि कुणालाच काही मिळाल्यासारखे वाटत नाही. सर्वांत ज्येष्ठ काकांना दिली तर ते "मला कुणाचे उपकार नकोत" म्हणतात, आणि घेतात. यजमानाने स्वतः ठेवली तर पुढच्या तीन लग्नांत पंगतीत हाच विषय. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे ती रक्कम मावशींच्या हातात देऊन "तुम्हीच सांगा काय करायचं ते" म्हणणे. वाद मिटत नाही, पण आपल्यापासून लांब जातो.

कोणत्या महिन्यात जावे? हंगाम एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा. त्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी, जुलैत जरा ऊब, सप्टेंबरपासून धो-धो. ही माहिती वाचून विसरून जावी. तारीख ठरते ती नातवंडांच्या शाळेवरून, कुणाच्या तरी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवरून आणि गणपतीच्या आत घरी परतायचे आहे यावरून. अधिक महिना आलाच तर जावईबापूंचे वाण जहाजावर उरकता येते, हा त्यातला एक फायदा.

आता कॅनडा. सिएटल अमेरिकेत, अलास्काही अमेरिकेत, मग कॅनडाचा व्हिसा कशाला, हे काका विचारणारच. उत्तर पाठ करून ठेवावे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकन बंदरात उतारू घ्यायचे आणि मध्ये एकही परदेशी बंदर न घेता ते अमेरिकेतच उतरवायचे, हे त्याला मान्य नाही. मोठ्या क्रूझ जहाजांवर बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा यांचे झेंडे असतात. म्हणून सिएटलहून निघालेले जहाज एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास टेकते आणि कायद्याचे समाधान करते. तेवढ्यासाठी गटाचे तीन वर्ण पडतात. अमेरिकन पासपोर्टवाले हसत जातात, ग्रीनकार्डवाले पासपोर्टबरोबर कार्ड दाखवून जातात, आणि भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आलेल्या वडीलधाऱ्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. शिवाय अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा, कारण परतताना ते अमेरिकेत नव्याने शिरणार असतात. हे सर्व काकांना समजावल्यावर ते म्हणतील, "म्हणजे आपण जहाजातून उतरलोच नाही तर?" तरीही व्हिसा लागतोच. हेही पाठ करावे.

केबिनवाटप हे शेतीच्या वाटणीइतकेच गंभीर आहे आणि त्याच शांततेने होते. जहाजाच्या खालच्या मजल्यावर आणि मधोमध डोल सर्वांत कमी जाणवतो. म्हणून वयस्कांना तिथे ठेवावे असे शास्त्र सांगते. वयस्क सांगतात की मुलाने स्वतःला बाल्कनी घेतली आणि आम्हाला तळघरात टाकले. डाव्या बाजूची केबिन की उजव्या, यावर मात्र भांडू नये. हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी सावकाश वळते, दोन्ही बाजूंना सारखे दर्शन घडते. उलट्यांची भीती असलेल्यांनी गोळी आधी घ्यावी, उलटी झाल्यावर नव्हे. बेटांच्या आडोशाने जाणारा रस्ता बराच शांत असतो, पण सिएटलची जहाजे बरेचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकवरून जातात. तिथे बुफेतली गर्दी आपोआप कमी होते.

थंडीचा बाऊ करू नये. जूनमध्ये जूनोची दुपार पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेपेक्षा उबदार असते. बोचतो तो बर्फावरून येणारा वारा आणि पाऊस. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर पाणी न शिरणारे जॅकेट, एवढे पुरे. डेकवर छत्री उघडू नये. ती एकटीच पुढच्या प्रवासाला निघून जाते. माकडटोपीला पर्याय नाही. तरुण पिढी पहिल्या दिवशी तिला हसते आणि चौथ्या दिवशी उसनी मागते.

खरे वजन कपड्यांचे नसतेच. वाटेत स्कॅग्वे नावाचे बंदर लागते. क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेली माणसे १८९७-९८ मध्ये इथे उतरून डोंगर चढली. सरहद्दीवर कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी त्यांना अट घातली होती : वर्षभराचा शिधा बरोबर असेल तरच आत. सगळा सरंजाम धरून तो माणशी टनभर भरायचा, आणि लोक खेपा घालून तो खिंडीपलीकडे नेत. आपल्या लोकांना अशी अट कुणीही घातलेली नसते. तरीही सात रात्रींसाठी भाकरवडी, चिवडा, मेतकूट, लसणीची चटणी, डिंकाचे लाडू आणि "कुणाचं पोट बिघडलं तर" म्हणून मऊ भाताचे तांदूळ निघतातच. बहुतेक जहाजांवर बाहेरचे पदार्थ बंद पाकिटातले असतील तरच चालतात. इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, भाताचा कुकर, मेणबत्ती आणि उदबत्ती हे सर्व चढतानाच काढून घेतात, कारण समुद्रावर आगीइतके भय कशाचेच नाही. देवापुढे बॅटरीचा दिवा लावावा. तो देवाला चालतो की नाही यावर पहिली रात्र छान जाते.

जेवणाची काळजी गोव्यावर सोपवावी. क्रूझ जहाजांच्या स्वयंपाकघरांत आणि जेवणघरांत गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. पहिल्याच रात्री मुख्य वेटरला सांगून ठेवावे : इतकी माणसे शाकाहारी, इतकी कांदा-लसूण न खाणारी. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या रात्रीपासून डाळ, भाजी, भात टेबलावर येतो. आदल्या दिवशी सांगितले पाहिजे, एवढेच पथ्य. त्यानंतर वेटरची उलटतपासणी सुरू होते. गाव कुठले, सासष्टीत कुठे, घरी कोण, कंत्राट किती महिन्यांचे, पगार किती. तिसऱ्या रात्री मावशी त्याच्यासाठी स्थळ पाहू लागतात. पोरगा हसत हसत सगळी उत्तरे देतो, कारण सकाळपासून तो तेच करत आलेला असतो.

आणि याच पोराबाबत सहाव्या दिवशी एक लाजिरवाणा प्रकार घडतो. खात्यावर दर माणशी दर दिवशी साधारण सोळा ते वीस डॉलर सेवाशुल्क लागलेले असते. कुणीतरी शोध लावतो की काउंटरवर जाऊन ते काढून टाकता येते. सात-आठ महिने घरापासून लांब राहून जो आपल्याला वरण वाढतो, त्याच्या ताटातले हे पैसे. असा शोध लावणाऱ्याला देवमासे दाखवायला डेकवर न्यावे आणि काउंटर बंद होईपर्यंत तिथेच धरून ठेवावे.

बंदरांविषयी थोडक्यात. केचिकनला वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि गावाला त्याचा अभिमान आहे. गटात कुणी महाबळेश्वरचे असेल तर त्यांना गाइडपासून दूर ठेवावे. तिकडे दोनशेच्या वर पडतो आणि ते सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. स्कॅग्वेहून व्हाइट पासची छोटी रेल्वे निघते. १९०० साली ती पूर्ण झाली. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते, दऱ्या पाहून पोटात गोळा येतो. अशा वेळी एक जण "आपल्या माथेरानच्या गाडीसारखीच आहे" असे म्हणतो. त्याचे म्हणणे खोडू नये. माथेरानचा रूळ दोन फुटी आणि हा तीन फुटी हे तुम्हाला ठाऊक असले तरी बोलू नये, कारण पुढचा तासभर नेरळला मिळणाऱ्या वड्यांवर जातो आणि दरी तशीच राहते. जूनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथे जाणारा रस्ताच नाही. विमानाने या नाही तर बोटीने. जहाज चुकले तर टॅक्सी करून पुढच्या बंदरात गाठू, ही योजना मांडणाऱ्याला ही बाब आदल्या रात्रीच सांगावी. जहाज आपल्यासाठी थांबत नाही. कंपनीच्या स्वतःच्या सहलीला गेलेल्यांसाठी थांबते. खरेदीला गेलेल्या चार बायकांसाठी तर नाहीच. घड्याळे जहाजाच्या वेळेवर लावावीत, मोबाइलच्या नव्हे.

मोबाइल तर विमान मोडवरच ठेवावा, नाही तर समुद्रावरच्या रोमिंगचे बिल केबिनच्या भाड्याशी स्पर्धा करते. मग गटाने एकमेकांना शोधायचे कसे? केबिनची दारे-भिंती पत्र्याच्या असतात. घरून लोहचुंबक न्यावेत आणि दारावर चिठ्ठी लावावी : "आम्ही अकराव्या डेकवर आहोत." अकराव्या डेकवर पोहोचल्यावर कळते की ते लोक आपल्या दारावरची चिठ्ठी वाचायला खाली गेले. अशाने दिवसाला भरपूर चालणे होते आणि मधुमेह आटोक्यात राहतो.

एकांत हवा असेल तर वाचनालयात बसावे. तिथे खायला काही मिळत नाही, त्यामुळे आपले कुणी येत नाही.

संकष्टी करणाऱ्यांनी तिथी पाहूनच तिकीट काढावे. जूनमध्ये जूनोला सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो. चतुर्थीचा चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय येत नाही, आणि आला तरी ढगामागे येतो. पुण्याचा चंद्रोदय धरून उपास सोडावा की जहाजाचा, यावर गटात दोन पंथ पडतात. दोन्ही पंथ चोवीस तास उघडा असलेला पिझ्झाचा काउंटर टाळून विरुद्ध दिशांना फेऱ्या मारत असतात.

राहता राहिली हिमनदी. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठी जहाजे सोडतात आणि राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षक जहाजावर चढून माइकवरून माहिती सांगतात. ती ऐकावी. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हरच्या माणसांना या उपसागराच्या तोंडाशीच बर्फ आडवे आले होते. १८७९ मध्ये जॉन म्यूर आला तेव्हा ते साठ किलोमीटरहून जास्त मागे गेलेले होते. म्हणजे आपण ज्या पाण्यावर उभे राहून चहा पितो आहोत तिथे अडीचशे वर्षांपूर्वी भरीव बर्फ होते. ते निळे का दिसते, हे नातवंडे विचारतील : दाबाने घट्ट झालेले बर्फ उजेडातला तांबडा भाग गिळते आणि निळा तेवढा बाहेर पडतो. इतके सांगून होते न होते तोच यजमान ओरडतो, "सगळे या, ग्रुप फोटो!" उंच मागे, बुटके पुढे, काका मध्ये, कानटोप्या काढा, नको राहू द्या, विहीणबाई कुठे आहेत, त्यांना आणा. सगळा गट हिमनदीकडे पाठ करून उभा राहतो. नेमका तेव्हाच मागे इमारतीएवढा कडा कोसळतो, आणि ज्या परक्या माणसाच्या हातात आपण कॅमेरा दिलेला असतो, त्याला तो अगदी व्यवस्थित दिसतो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या खाली नेतात आणि सकाळी धक्क्यावरच मिळतात. सकाळचे कपडे आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, नाही तर सिएटलच्या इमिग्रेशनसमोर पायजम्यात उभे राहावे लागते. उरलेली चटणी अधिकाऱ्याने विचारण्याआधीच सांगून टाकावी. आणि पासपोर्ट बॅगेत घालून बॅग बाहेर ठेवणारा एक जण प्रत्येक गटात असतोच. तो कोण, हे हमाल यायच्या आत शोधून काढावे.