रविवारचे यंत्रविशारद

ज्यांच्या दाराशी पंधरा वर्षांहून अधिक वयाची मोटार उभी असते, अशा गृहस्थांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातले गृहस्थ गाडी बिघडली की मिस्त्रीला निरोप धाडतात, त्याने सांगितलेल्या रकमेबद्दल चारचौघांसारखी घासाघीस करतात आणि गाडी चालू झाली की तो विषय मनावेगळा करतात. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नसते. दुसऱ्या वर्गातले गृहस्थ गाडी बिघडली की प्रथम गंभीर होतात, मग ते गांभीर्य सांभाळता सांभाळता आतून प्रसन्न होतात, आणि शनिवारी रात्री, भातावर वरण पडत असताना, थोरल्या मुलाकडे न पाहताच ‘उद्या सकाळी कुठे जायचं ठरवू नकोस’ एवढेच फर्मान काढतात. या दुसऱ्या वर्गाचा मी जन्मसिद्ध अभ्यासक आहे, कारण आमचे अण्णा त्याचे अध्वर्यू आहेत.

हा वर्ग बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला किंवा निवृत्तीच्या दिशेने निघालेला असतो, हा निव्वळ योगायोग नव्हे. अण्णा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. त्यांच्या मेजावर आलेला कागद त्यांच्या सहीने पुढच्या मेजावर जात असे आणि तेथून यथावकाश फेरतपासणीसाठी परत येत असे. परंतु त्या सहीमुळे एखाद्या कालव्यातून प्रत्यक्ष पाणी वाहू लागले आहे, असे दृश्य त्यांना उभ्या कारकीर्दीत दिसले नाही. अशा माणसाने रविवारी सकाळी चौदा-पंधराचा पाना नटाला लावावा, दातओठ खाऊन जोर करावा, आणि त्या नटाने थोडे कुरकुरून का होईना, खरोखरच सैल व्हावे, यातले सुख वरिष्ठांच्या शिफारशीवाचून आणि वित्त विभागाच्या मंजुरीवाचून मिळणारे आहे. ते मिस्त्रीच्या हाती का सोपवावे, हा अण्णांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

त्यातून गाडी फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ साली ‘डिलाइट’ या नावाने बाहेर पडलेले आणि सत्तरीच्या दशकात ‘पद्मिनी’ असे राजस नामांतर झालेले हे घराणे विसाव्या शतकाबरोबरच आटोपले; मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषात त्याने आणखी काही वर्षे काढली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तीही चाकरी संपली. परंतु अण्णांनी नाव नोंदवले तो काळ निराळा होता. पैसे भरून वर्षानुवर्षे आपल्या क्रमांकाची प्रतीक्षा करावी लागे, आणि नुसते नाव नोंदवलेल्या माणसाकडेही शेजारीपाजारी गाडीवाल्याच्या आदराने पाहू लागत. जी वस्तू मिळवण्यात तारुण्याचा उत्तरार्ध खर्ची पडला, ती निदान वार्धक्याच्या उत्तरार्धापर्यंत टिकली पाहिजे, असा अण्णांचा सरळ हिशेब आहे, आणि त्या हिशेबाला त्या गाडीची साथही आहे. तिचे १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे एंजिन इतके निष्कपट, की बॉनेट उघडले असता त्याच्या दोन्ही अंगांनी खालची फरशी दिसते आणि कोणत्याही नटापर्यंत मध्यम जाडीच्या माणसाचा हात पोहोचतो. हल्लीच्या मोटारींचे बॉनेट उघडावे तर आत काळे प्लास्टिकचे झाकण आणि त्यावर कंपनीचे नाव. म्हणजे दार उघडल्यावर यजमानांऐवजी पुन्हा त्यांची पाटीच समोर यावी, तसा प्रकार.

रविवारचा विधी ठरलेला आहे. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले पाने फरशीवर चढत्या क्रमाने मांडले जातात. शेजारी पक्कड, प्लगपाना, रॉकेलची वाटी आणि एक लांब वही, जिच्यात गाडीच्या प्रत्येक विकाराची तारीखवार नोंद आहे. काढलेला भाग कोठून काढला हे अण्णा लिहून ठेवतात. तरीही सर्व काही पूर्ववत बसवल्यावर एखादा बोल्ट शिल्लक राहतोच. सामान्य माणूस तो टाकून देईल किंवा घाबरेल. अण्णा त्याला चिठ्ठी बांधून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात दाखल करतात. अशा एका चिठ्ठीवर मी त्यांच्या वळणदार अक्षरात ‘अज्ञात, परंतु आवश्यक’ असा शेरा वाचला आहे.

या सर्व व्यवस्थेत मुलाचे स्थान कोणते, हा प्रश्न कोणी विचारील. मुलाकडे उजेडाचे खाते असते. जाळीच्या पिंजऱ्यातला दिवा हाती धरून, वायर पायात येणार नाही अशा बेताने, त्याने उभे राहायचे असते. आणि अडचण अशी, की मुलगा आपल्याला जेथे पाहावेसे वाटते तेथे उजेड पाडतो, तर वडिलांना तो स्वतः जेथे पाहत आहेत तेथे हवा असतो. ‘उजेड इकडे’ या हुकमातले ‘इकडे’ कोणीकडे, हे बॉनेटमध्ये खांद्यापर्यंत शिरलेल्या माणसाच्या पाठीवरून ओळखावे लागते. माझे केस पिकू लागले, माझ्या हाताखाली कचेरीत माणसे आली, तरी या खात्यातून माझी बढती झालेली नाही.

तथापि विद्या पुष्कळ मिळाली. रामरक्षेच्या पाठोपाठ माझ्या मुखी बसलेली गोष्ट म्हणजे ‘एक-तीन-चार-दोन’. या क्रमाने चारी सिलिंडरांत ठिणगी पडते, आणि प्लगच्या वायरी त्याच क्रमाने न लावल्यास गाडी चालू होण्याऐवजी सायलेन्सरमधून बार काढून सबंध आळीला जागे करते. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी ठेवायची असते. नाना पेठेतले मिस्त्री ती डोळ्यांनी बेतून मोकळे होतात. अण्णा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून पैदा केलेल्या फिलर गेजची पोलादी पाती एकामागून एक त्या फटीत सरकवून पाहतात, पॉइंटवरचा काळेपणा पॉलिश पेपरने घासतात, पुन्हा पाती सरकवतात, आणि मोजमाप वहीत लिहून घेतात. गाडी एवढ्यानेही चालू झाली नाही, तरी नोंद अचूक राहते.

मिस्त्रीविषयी या वर्गाचे धोरण नाजूक असते. त्याच्याकडे गाडी न्यायची नाही, परंतु त्याच्या दुकानावरून सहज म्हणून जायचे. एकदा गाडी वाटेत आचके देऊ लागली, तेव्हा अण्णा नाना पेठेत वायसर घेण्याच्या निमित्ताने गेले आणि बोलता बोलता लक्षणे सांगितली. मिस्त्रीने चहाचा घोट घेत, मान वर न करता, ‘कण्डेन्सर बदला, साहेब’ एवढेच उत्तर दिले. अण्णांना उत्तराचे काही वाटले नाही. ते इतक्या लवकर आले याचे वाईट वाटले. पुढचा संपूर्ण रविवार त्यांनी कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकण्यात, फ्लोट हलवून पाहण्यात, प्लग भाजण्यात आणि पेट्रोलची नळी सोडवून बसवण्यात घालवला, आणि कण्डेन्सरखेरीज यच्चयावत सर्व भाग निर्दोष ठरल्यावर, सायंकाळी, कण्डेन्सर बदलला. गाडी लागलीच सुरळीत झाली. मिस्त्रीने केवळ अंदाज केला होता, आपण निष्कर्ष काढला, हा भेद त्यांनी मला जेवताना समजावून दिला.

ब्रेकमधली एअर काढणे हे मात्र एकट्याचे काम नव्हे, आणि पित्याला पुत्राची खरीखुरी गरज भासावी असा मोटारविद्येतला हा बहुधा एकमेव अध्याय असेल. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरला की पेडल पोकळ लागते, पाय तळाशी जातो आणि गाडी मात्र आपल्या विचाराने पुढे चालत राहते. उपाय असा, की एकाने आत बसून पेडल तीन-चार वेळा मारावे आणि दाबून धरावे, दुसऱ्याने चाकामागचे निपल पाऊण फेरा सैल करून हवामिश्रित ऑइल रबरी नळीतून बरणीत सोडावे, निपल आवळावे, आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलावा. निपल आवळण्यापूर्वी पाय उचलला गेला, तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते आणि झालेले काम रद्दबातल ठरते. आरंभ सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून करायचा असतो.

एका रविवारी आमचे मागचे डावे चाक जवळपास निर्वाणीला पोहोचले होते. अण्णा गाडीखाली, त्यांचे फक्त पाय जगाच्या दृष्टीस. मी आत, पेडल तळाशी दाबून, मांडी थरथरत असता, पुढील आज्ञेच्या प्रतीक्षेत. इतक्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला, ‘अरे, सोड आता ते, पोळ्या गार होतायत!’ जन्मापासूनच्या सवयीने माझा पाय उचलला गेला. गाडीखाली क्षणभर निःशब्दता पसरली.

‘कोणी सोडायला सांगितलं?’

‘आईनं.’

‘ब्रेक काय आईचा आहे?’

‘बरणी माझी आहे,’ खिडकीतून उत्तर आले, ‘आणि मे महिन्यात तिच्यात लोणचं घालायचंय.’

यावर अण्णांनी कोणताही युक्तिवाद केला नाही. अधिकारक्षेत्राच्या तंट्यात प्रतिपक्षाकडे दस्तऐवज असेल तर प्रकरण वाढवू नये, हे खात्यातल्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते. मात्र त्या दिवसापासून मोटारीखालून आलेला हुकूमच ग्राह्य धरावा असा दंडक झाला, आणि ती बरणी लोणच्याच्या कामातून कायमची बरतर्फ होऊन पान्यांशेजारी रुजू झाली. त्या गडबडीत ब्रेक ऑइलचे काही थेंब मडगार्डवर उडाले. हे ऑइल रंग खाते. उडालेल्या रंगाच्या जागी अण्णांनी स्वहस्ते ब्रशने रंग लावला. तो मूळ रंगाशी जुळत नाही, परंतु तो लावल्यापासून गर्दीच्या वाहनतळावरही आमची गाडी चटकन ओळखू येते, हा फायदा त्यांनी नजरेस आणून दिला.

या वर्गाचे सामाजिक दर्शन घ्यायचे असेल तर मे महिन्यात घाटात जावे. साताऱ्याला एका लग्नाला जाताना खंबाटकीच्या चढावर आमची फियाट दुपारच्या उन्हात दम सोडून उभी राहिली. एंजिनाच्या धगीने पेट्रोलची पंपातच वाफ होते, आणि द्रव ओढण्यासाठी बनवलेला पंप त्या वाफेपुढे निरुपाय होतो, हे अण्णांनी खाली उतरलेल्या मंडळींना, शालू सावरीत उभ्या असलेल्या मावशीसह, सविस्तर समजावले; मग खांद्यावरचा पंचा भिजवून पंपाला गुंडाळला आणि त्यावर थोडे थोडे पाणी सोडीत ते स्वस्थ उभे राहिले. थोड्याच वेळात मागून दुसरी फियाट आली. ती उत्तम चालत होती. तिचे मालक तरीही थांबले, उतरले, पंच्याची घडी किती पदरी आहे याची चौकशी केली, आणि केवळ तुलनेसाठी म्हणून स्वतःच्या गाडीचेही बॉनेट उघडले. त्यांच्याबरोबर एक मुलगा होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ओळख करून देण्याची गरज पडली नाही. आम्ही साताऱ्याला पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत उठत होती, आणि अण्णा प्रसन्न होते.

दर पाच वर्षांनी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करायची वेळ आली, की घरात ती विकण्याचा विषय निघतो. परवा निघाला तेव्हा एका परिचितांच्या ओळखीने एक तरुण खरोखरच दारी आला. त्याला जुन्या गाड्यांचा नवा शौक लागला होता आणि तो सांगेल ती किंमत द्यायला तयार होता. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि वही उघडून गाडीची आरंभापासूनची कैफियत वाचून दाखवली: सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही; दुसऱ्या गिअरमधून गाडी उतारावर आपण होऊन बाहेर येते; डाव्या मागच्या दाराला ठराविक जागी गुडघा लावावा लागतो. एखादा फिर्यादीही इतक्या निष्ठेने दोषारोप वाचणार नाही. तरुण डगमगला नाही. तेव्हा अण्णांनी वही मिटली आणि अत्यंत सौम्य स्वरात ‘एक-तीन-चार-दोन म्हणजे काय?’ असे विचारले. तरुणाने तो गाडीचा क्रमांक असावा असे उत्तर दिले, आणि व्यवहार तेथेच फिसकटला.

त्या तरुणाने पुढे दुसरीकडून फियाट घेतली असे कळले. काही दिवसांनी, रविवारी सकाळीच, तो पुन्हा आमच्या दारात उभा राहिला. हाताला काळे लागलेले, चेहऱ्यावर ओशाळेपणा. एकच नट अडला आहे, चौदा-पंधराचा पाना पाच मिनिटे मिळाला तर फार उपकार होतील, असे त्याचे म्हणणे होते. पाना कोणालाही द्यायचा नाही हा अण्णांचा जुना नियम, आणि तो त्यांनी मोडला नाही. त्यांनी पाना धोतराच्या तुकड्यात गुंडाळला, वही काखोटीला मारली, पायांत चपला सरकवल्या आणि मला नुसती मान हलवून दिवा घ्यायला सुचवले. आई हात पुसत बाहेर आली, तिने आम्हा तिघांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि त्या तरुणाला विचारले, ‘तुम्ही घरून जेवून निघालात ना?’